तर, संप आणि निवृत्तिवेतन : हेब्रिडीज बेटांतील एका प्रसंगाचे विवेचन

१

नदी किंवा खाडी ओलांडून माणसांना व जनावरांना पैलतीरी पोहोचविणाऱ्या नावेला मराठीत ‘तर’ असा एक जुना स्त्रीलिंगी शब्द आहे. ‘तरणे’ व ‘तारणे’ ही क्रियापदे त्याच धातूच्या कुळातील होत. पाणी ओलांडणे आणि जगणे हे दोन अर्थ या शब्दकुळात शेजारी शेजारी नांदतात, आणि तो योगायोग नव्हे. पाण्याने वेढलेल्या वस्तीत पैलतीर गाठणे व जिवंत राहणे यांत फारसे अंतर नसते. प्रवासी या अर्थी रूढ असलेला ‘उतारू’ हा शब्दही ‘उतरणे’ व ‘उतार’ यांच्याशी नाते सांगतो. महाराष्ट्रातील नद्यांवर व खाड्यांवर पूल झाले, नावा बंद पडल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘तर’ हा शब्दही व्यवहारातून मागे सरला. कोकणात आणि गोव्यात त्याची जागा आता ‘फेरीबोट’ या शब्दाने घेतली आहे.

परंतु जगात असे प्रदेश आहेत की जेथे पूल होणे शक्य नाही, व जेथे तर हाच एकमेव राजमार्ग आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेस पसरलेला हेब्रिडीज हा द्वीपसमूह त्यांपैकी एक होय. तेथील जहाजांवर काम करणाऱ्या कामगारांनी २०१५ च्या उन्हाळ्यात संपाचा इशारा दिला, व त्या वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नांत निवृत्तिवेतनाचा प्रश्न प्रमुख होता. वरवर पाहता हा एका संघटनेचा व एका कंपनीचा तंटा. तथापि तो तसा का नव्हता, निवृत्तिवेतनासारख्या दूरच्या गोष्टीसाठी आजची बोट का थांबते, आणि ती थांबली असता बेटावरील समाजाचे काय होते, हे समजून घेण्यास तो प्रसंग चांगला उपयोगी पडतो. त्याचेच विवेचन पुढे केले आहे.

२

प्रथम त्या प्रदेशाची व तेथील जलवाहतुकीची थोडी माहिती घेतली पाहिजे. लुइस, हॅरिस, उइस्ट, बॅरा ही बाह्य हेब्रिडीज बेटे आणि स्काय, मल, टायरी, कॉल इत्यादी आंतर हेब्रिडीज बेटे मिळून हा द्वीपसमूह बनतो. यांपैकी स्कायला १९९५ मध्ये पूल झाला. बाह्य बेटांचा मुख्य भूमीशी असा संबंध जोडणे मात्र शक्य झालेले नाही. लुइसवरील स्टॉर्नोवे हे गाव मुख्य भूमीवरील अलापूल बंदरापासून बोटीने अडीच-पावणेतीन तासांच्या अंतरावर आहे. ओबन बंदरातून बॅराला जावयाचे तर पाच तासांच्या आसपास लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार बाह्य हेब्रिडीजची एकूण लोकसंख्या २७,७०० च्या जवळपास होती. म्हणजे महाराष्ट्रातील एखाद्या लहान तालुक्याच्या गावाएवढी, आणि तीही अनेक बेटांवर विखुरलेली.

या बेटांना जोडणारी वाहतूक एकोणिसाव्या शतकापासून मॅकब्रेन या नावाशी निगडित आहे. १ जानेवारी १९७३ रोजी डेव्हिड मॅकब्रेन कंपनी व क्लाइड खाडीवर बोटी चालविणारी कॅलेडोनियन कंपनी यांचा मिलाफ होऊन ‘कॅलेडोनियन मॅकब्रेन’ ही संस्था अस्तित्वात आली. लोकव्यवहारात तिला ‘कॅलमॅक’ म्हणतात. ती सरकारी मालकीची आहे. मात्र तिच्या रचनेत २००६ मध्ये एक महत्त्वाचा बदल झाला. जहाजे व काही बंदरे यांची मालकी एका स्वतंत्र सरकारी कंपनीकडे ठेवण्यात आली, आणि जहाजे चालविण्याचे काम ठराविक मुदतीच्या कंत्राटाने देण्याची पद्धत सुरू झाली. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सागरी वाहतुकीसाठी स्पर्धा खुली ठेवावी, असा युरोपीय संघाचा नियम त्या काळी ब्रिटनलाही लागू होता. त्यामुळे दर काही वर्षांनी निविदा निघावी, इच्छुकांनी बोली लावावी, व ज्याची बोली सरस ठरेल त्याने पुढील मुदतीत बोटी चालवाव्यात, अशी ही व्यवस्था होती.

१ ऑक्टोबर २०१६ पासून सुरू होणाऱ्या आठ वर्षांच्या कंत्राटासाठी २०१५ मध्ये दोन उमेदवार रिंगणात होते : एक कॅलमॅक स्वतः आणि दुसरी सर्को ही खाजगी कंपनी. ऑर्कनी व शेटलंड या उत्तरेकडील बेटांची वाहतूक २०१२ मध्ये सर्कोकडे गेलेली होती. म्हणून हेब्रिडीजच्या कामगारांना पडलेला प्रश्न केवळ काल्पनिक नव्हता. जहाज तेच राहील, बंदर तेच राहील, उतारूही तेच राहतील. पण मालक बदलला तर म्हातारपणाच्या भाकरीचे काय, हा तो प्रश्न.

३

येथे एक शंका साहजिकच येते. मालक बदलला तरी कामगारांच्या नोकरीच्या अटी कायद्याने सुरक्षित नसतात काय? त्या पुष्कळ अंशी असतात. एखादा उद्योग एका धन्याकडून दुसऱ्याकडे गेल्यास कामगारांचा पगार, रजा, सेवेची ज्येष्ठता इत्यादी अटी नव्या धन्यावर बंधनकारक राहतात, असे ब्रिटनमधील २००६ चे हस्तांतरविषयक नियम सांगतात. परंतु याच नियमांत एक मोठा अपवाद आहे : धन्याने चालविलेल्या निवृत्तिवेतन-योजनेतून वार्धक्यात मिळणारे लाभ या संरक्षणातून बहुतांशी वगळलेले आहेत. हस्तांतराच्या दिवसापर्यंत जेवढा हक्क जमा झाला तेवढा सुरक्षित राहतो. त्यापुढील वर्षांसाठी मात्र नव्या धन्याने जुनीच योजना चालू ठेवली पाहिजे असे नाही. कामगार जेवढी वर्गणी भरेल तेवढीच, परंतु पगाराच्या सहा टक्क्यांपर्यंत, भर घालणारी एखादी साधी योजना त्याने दिली तरी कायद्याची अट पुरी होते.

याचा अर्थ स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एक खलाशी तीस वर्षे नोकरी करतो व निवृत्तीच्या वेळी त्याचा वार्षिक पगार २४,००० पौंड आहे. सेवेच्या प्रत्येक वर्षास अखेरच्या पगाराचा साठावा हिस्सा, असा त्याच्या योजनेचा नियम आहे असे धरू. तीस वर्षांचे तीस साठांश, म्हणजे अर्धा पगार. त्याला आमरण दरसाल १२,००० पौंड मिळतील. आता विसाव्या वर्षी, पगार २१,००० पौंड असताना, धनी बदलला व जुनी योजना त्याच्यापुरती बंद झाली असे समजू. वीस साठांशांचे ७,००० पौंड त्याच्या पदरात राहिले. उरलेल्या दहा वर्षांत, सरासरी २२,५०० पौंड पगारावर, त्याने सहा टक्के व धन्याने सहा टक्के भरले, तर २७,००० पौंडांची गंगाजळी होते. महागाई आणि गुंतवणुकीवरील वाढ ही दोन्ही हिशेबापुरती बाजूस ठेवली, आणि त्या रकमेवर दरसाल पाच टक्के दराने वर्षासन मिळाले, तर ते १,३५० पौंड होईल. एकूण ८,३५० पौंड. काम तेच, जहाज तेच, वर्षेही तीसच. परंतु वार्षिक उत्पन्नात ३,६५० पौंडांचा फरक पडला. हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत; प्रत्यक्षात ते योजनेनुसार व बाजारानुसार बदलतील. दिशा मात्र हीच राहते.

आणखी एक फरक आकड्यांत दिसत नाही. पहिल्या प्रकारच्या योजनेत लाभ निश्चित असतो व तोटा आल्यास तो भरून काढण्याची जबाबदारी प्रामुख्याने धन्यावर असते. दुसऱ्या प्रकारात वर्गणी निश्चित असते, लाभ अनिश्चित. बाजार पडला, किंवा माणूस अपेक्षेपेक्षा अधिक जगला, तर त्याची झळ निवृत्तास सोसावी लागते. दीर्घायुष्य हे वरदान न राहता जोखीम ठरावे, ही या बदलातील सर्वांत खोल गोष्ट होय.

४

या प्रश्नाची एक बाजू भाषेच्या अभ्यासकास विशेष जाणवण्यासारखी आहे. निवृत्तिवेतन ही मुळात एक उक्ती आहे, वचनाची उक्ती. ‘आज काम कर, उद्या देईन’ असे धनी म्हणतो आणि कामगार त्या शब्दावर विसंबतो. जे. एल. ऑस्टिन या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये दिलेल्या व १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविले की, काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत; ती उच्चारणे हेच एक कृत्य असते. वचन देणे हे तशा कृत्याचे उत्तम उदाहरण. परंतु वचनास एक अट असते : ते देणारा व पाळणारा एकच असावा लागतो. ‘मी देईन’ हे वचन होय. ‘तो देईल’ हे केवळ भाकीत. निविदेच्या पद्धतीत नेमके हेच घडते. वीस वर्षांपूर्वी ज्याने ‘देईन’ म्हटले तो उद्या धनी नसेल, आणि जो धनी असेल त्याने तसे कधी म्हटलेले नसेल. कंपनीने उद्याच्या धन्याच्या वतीने हमी देणे शक्य नव्हते, कारण उद्या ती स्वतः धनी असेल की नाही हेच तिला ठाऊक नव्हते. हमी द्यावयाची तर ती निविदेच्या अटी ठरविणाऱ्या सरकारनेच. कामगारांचा संप कंपनीविरुद्ध असूनही त्यांची दृष्टी एडिंबरोकडे लागलेली होती, याचे कारण हे.

संबंधित शब्दांचा इतिहासही उद्बोधक आहे. संपाला इंग्रजीत जो ‘स्ट्राइक’ शब्द आहे तो खलाशांच्याच बोलीतून आला, असे कोशकार मानतात. १७६८ मध्ये वेतनासाठी लंडनच्या बंदरातील खलाशांनी जहाजांची शिडे उतरवून ती निकामी केली. शिडे उतरविणे या अर्थाचे क्रियापद तेव्हापासून काम थांबविण्यास लागू झाले. म्हणजे शब्दाच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक संप हा मुळात जहाजावरचा संप होय. मराठी ‘संप’ शब्दाची वाट निराळी आहे. त्याचा मूळ भाव एकीचा. गुजरातीत ‘संप’ म्हणजे आजही ऐक्य. इंग्रजी शब्द काम बंद पाडण्याकडे बोट दाखवितो, मराठी शब्द ते बंद पाडण्यासाठी लागणाऱ्या एकजुटीकडे. हेब्रिडीजमधील गेलिक भाषेत फेरीबोटीला ‘अशेक’ असा स्वतःचा शब्द आहे; परंतु निवृत्तिवेतनाला ‘पेन्शन’ याच्याशी मिळताजुळता, इंग्रजीवरून घेतलेला शब्द आहे. नाव त्या समाजाची स्वतःची होती. पगार, धनी व निवृत्ती या कल्पना बाहेरून आल्या, हा सामाजिक इतिहास या शब्दांत उमटला आहे.

मराठीत ‘पेन्शन’ हा शब्द प्रथम कामगाराच्या संदर्भात रुळला नाही, तर राजाच्या. १८१८ मध्ये दुसरा बाजीराव शरण गेला तेव्हा त्याला दरसाल आठ लाख रुपयांचे पेन्शन ठरले, आणि १८५१ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ते नानासाहेबांस नाकारले गेले. देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असणारे दान, हा त्या शब्दाचा जुना रंग तेव्हापासूनचा. हा रंग पुसण्याचे मोठे काम भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ च्या नाकरा खटल्याच्या निर्णयाने केले. निवृत्तिवेतन ही धन्याची कृपा नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला म्हणून मिळणारा हक्क होय, असे तत्त्व त्यात मांडले गेले. हेब्रिडीजमधील खलाशांचे म्हणणे वेगळ्या देशातील व वेगळ्या कायद्याखालचे असले तरी मूलतः हेच होते.

५

आता समाजावरील परिणामाकडे वळू. संपाचा परिणाम संपाच्या दिवशीच सुरू होतो अशी सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे. ब्रिटिश कायद्यानुसार संपापूर्वी सभासदांचे टपालाने मतदान घ्यावे लागते व धन्याला आगाऊ सूचना द्यावी लागते. २०१५ मध्ये ही मुदत सात दिवसांची होती. या सूचनेपासूनच बेटावरील जीवन हलू लागते. पर्यटक आपले आरक्षण रद्द करतो किंवा दुसरीकडे वळवितो. दुकानदार जास्तीचे पीठ व दूध मागवितो. ज्याची ग्लासगो वा इन्व्हर्नेसच्या रुग्णालयात तपासणीची तारीख ठरलेली आहे, तो एक दिवस आधी निघण्याच्या विचारात पडतो. शेळ्यामेंढ्या बाजारात न्यावयाच्या असतील, किंवा कालवे व कोळंबी बर्फात घालून युरोपच्या बाजारपेठेत पाठवावयाची असतील, तर तारखांची जुळणी बिघडते. संप झाला नाही तरी हा खर्च परत मिळत नाही. संभाव्य संप हीदेखील अशा रीतीने एक प्रत्यक्ष घटनाच असते.

प्रत्यक्ष खाडा पडला म्हणजे होणाऱ्या परिणामाचे गणित एका दिवसापुरते राहत नाही. उन्हाळ्यात मोटारी नेणाऱ्या बोटींवरील जागा कित्येक दिवस आधीच भरलेल्या असतात. आजची फेरी चुकलेल्या गाड्यांना उद्याच्या फेरीत जागा नसते. परवाच्या फेरीतही थोडीच असते. एका दिवसाची कोंडी सुटण्यास त्यामुळे अनेक दिवस लागतात. रस्ता एक दिवस बंद राहिल्यास दुसऱ्या दिवशी वाहतूक दुप्पट होऊ शकते. बोट मात्र दुसऱ्या दिवशीही तेवढीच लांब असते.

या सेवेला तेथे इंग्रजीत ‘लाइफलाइन’ म्हणण्याचा प्रघात आहे. बुडणाऱ्यास वाचविण्यासाठी फेकलेला दोर, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. हा शब्द वादातील दोन्ही बाजूंच्या उपयोगी पडतो, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. दोर तोडू नका, असे संपाला विरोध करणारा म्हणतो. दोर धरणाऱ्या हातांकडेही पाहा, असे कामगार म्हणतो. आणि हे हात परक्याचे नसतात. मोठ्या जहाजांवर दोन आठवडे काम व दोन आठवडे सुटी अशी पाळी असल्यामुळे खलाशाला बेटावर घर ठेवून ही नोकरी करता येते. बोट बंद पडल्याने ज्या दुकानाचा माल अडकतो ते दुकान कदाचित त्या खलाशाच्या मेव्हण्याचे असते. जिची तपासणी चुकते ती त्याची मावशी असू शकते. शहरातील संपात कामगार व गिऱ्हाईक एकमेकांस अनोळखी असतात. बेटावर तसे नाही. म्हणूनच तेथे संपाचा निर्णय अधिक जड असतो, आणि त्यावरची नाराजीही सहसा चारचौघांत मोठ्याने बोलून दाखविली जात नाही.

बोट थांबणे ही गोष्ट या समाजाला सर्वस्वी नवी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. लुइस बेटावर रविवारचा विसावा धर्मभावनेने पाळला जाई, आणि स्टॉर्नोवेहून अलापूलला रविवारची नियमित फेरी सुरू झाली ती १९ जुलै २००९ रोजी. तीही मोठ्या वादानंतर. श्रद्धेसाठी आठवड्यातून एक दिवस बोट थांबावी असे मानणारे लोक त्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या होते. थांबणे वाईटच, असे तेथे कोणी सरसकट म्हणू शकत नव्हते. कशासाठी थांबावे, एवढाच प्रश्न होता.

६

घटनाक्रम थोडक्यात असा : रेल्वे, सागरी व वाहतूक कामगारांच्या संघटनेने, जी आर. एम. टी. या आद्याक्षरांनी ओळखली जाते, सभासदांचे मतदान घेतले. कौल संपाच्या बाजूने पडला. जून २०१५ च्या अखेरच्या आठवड्यात ‘नियमानुसार काम’ सुरू झाले, आणि शुक्रवार, २६ जून रोजी चोवीस तासांचा संप झाला. शाळांच्या उन्हाळी सुट्या सुरू होण्याचा तो सुमार. बहुतेक मार्गांवरील फेऱ्या रद्द झाल्या. जुलैत आणखी एका दिवसाचा संप ठरला होता. वाटाघाटींना जागा मिळावी म्हणून तो स्थगित करण्यात आला. पुढे मे २०१६ मध्ये कॅलमॅकची बोली सरस ठरल्याचे सरकारने जाहीर केले, व नवे कंत्राट तिलाच मिळाले. ते संपल्यानंतर मात्र स्पर्धेची निविदा न काढता १ ऑक्टोबर २०२५ पासून दहा वर्षांसाठी सरळ कॅलमॅककडेच काम सोपविण्यात आले. दशकापूर्वी ज्या अनिश्चिततेतून संप उद्भवला, तिचे मूळच या निर्णयाने काही काळापुरते दूर झाले.

याचे सारे श्रेय एका दिवसाच्या संपाला देणे इतिहासाला धरून होणार नाही. मधल्या काळात ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, जुन्या जहाजांच्या नादुरुस्तीने बेटवासी त्रस्त झाले, आणि नव्या जहाजांना झालेल्या विलंबाने जलवाहतूक हा स्कॉटलंडच्या राजकारणातील नाजूक विषय बनला. तरीही मुदतीच्या कंत्राटांवर दीर्घ मुदतीची वचने उभी राहू शकत नाहीत, हे प्रथम ठळकपणे पुढे आणले ते कामगारांनीच.

विरुद्ध बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. निश्चित लाभाच्या योजना महाग असतात. तूट आली म्हणजे ती भाड्यातून किंवा सरकारी तिजोरीतून भरावी लागते. बेटवासींचे भाडे कमी ठेवण्यासाठी सरकारने रस्त्याच्या खर्चाशी जुळणारे दर २००८ पासून प्रायोगिक रीतीने आणि ऑक्टोबर २०१५ पासून सर्व मार्गांवर लागू केले होते. भाडे कमी, बोटी नव्या आणि निवृत्तिवेतन पक्के, या तिन्ही गोष्टी एकाच तिजोरीतून निघावयाच्या. कोणास आधी द्यावे, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही; समाज कोणास आपला समजतो, याचा तो प्रश्न आहे.

७

त्या बेटांच्या बाबतीत हा प्रश्न एका भाषेच्या आयुष्याशीही जोडलेला आहे. १९०१ मध्ये स्कॉटलंडमध्ये दोन लाखांहून अधिक लोक गेलिक बोलत. २०११ मध्ये हा आकडा ५७,००० च्या घरात आला. बाह्य हेब्रिडीजमध्ये त्या वेळी निम्म्याहून थोडे अधिक लोक गेलिकभाषी होते. २०२२ च्या जनगणनेत चित्र विलक्षण दिसले : देशभरात गेलिक बोलणाऱ्यांची संख्या वाढून सुमारे ७०,००० झाली, पण बाह्य हेब्रिडीजमध्ये त्यांचे प्रमाण निम्म्याखाली, ४५ टक्क्यांच्या आसपास, घसरले. शहरांतील शाळांनी भाषा शिकणारे निर्माण केले. भाषा जगणारे खेडे मात्र आकसले.

भाषा टिकते ती शेजारामुळे. आजी, नातू, दुकानदार आणि धक्क्यावर दोर फेकणारा माणूस, हे सर्व एकाच भाषेत बोलतात तोवर ती भाषा घराबाहेर जगते. त्यासाठी तरुणांनी बेटावर राहावे लागते, व राहण्यासाठी अशी नोकरी लागते की जीवर घर बांधता येईल आणि म्हातारपण काढता येईल. बेटावर अशा नोकऱ्या मोजक्या : शाळा, रुग्णालय, नगरमंडळ आणि बोट. त्यांपैकी एकीची शाश्वती गेली म्हणजे तरुण ग्लासगोची वाट धरतो, आणि गंमत अशी की ती वाट त्याच बोटीतून जाते. निवृत्तिवेतनाच्या टक्क्यांवरील वाद आणि भाषेच्या टक्क्यांची घसरण हे दोन्ही विषय निरनिराळ्या खात्यांत मोडत असले, तरी माणूस एकच असतो.

८

महाराष्ट्रातील वाचकास या प्रसंगात ओळखीचे बरेच आढळेल. केंद्र सरकारने १ जानेवारी २००४ पासून (सैन्यदले वगळून) व महाराष्ट्र शासनाने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी निश्चित लाभाऐवजी निश्चित वर्गणीची योजना आणली. तिच्याविरुद्ध १४ ते २० मार्च २०२३ या दिवसांत महाराष्ट्रातील शासकीय व निमशासकीय कर्मचाऱ्यांनी ‘जुनी पेन्शन’ मागत संप केला. त्या संपात रुग्णालये, शाळा व कचेऱ्या यांवर परिणाम झाला, आणि शासनाच्या आश्वासनानंतर तो मागे घेण्यात आला. हेब्रिडीजमध्ये वचन देणारा बदलण्याची भीती होती. येथे वचन देणारे शासन तेच राहिले, पण एका तारखेने कर्मचाऱ्यांच्या दोन पिढ्या केल्या. एकाच टेबलाशी बसणाऱ्या दोघांपैकी एकास जुना नियम व दुसऱ्यास नवा, ही विषमता येथील वादाच्या मुळाशी होती.

जलवाहतुकीपुरते पाहिले तर गोव्यातील दिवाडी व चोडण ही बेटे अधिक जवळचे उदाहरण ठरतील. तेथे शासनाच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी अनेक दशके चालत आल्या आहेत. रायबंदर आणि चोडण यांच्या दरम्यान २०२५ मध्ये नव्या रो-रो बोटीही सुरू झाल्या. कोकणात दाभोळ-धोपावे यासारख्या खाड्यांवर, आणि मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला, आजही लोक बोटीने ये-जा करतात. या मार्गांचे अंतर हेब्रिडीजच्या मानाने क्षुल्लक आहे. पण फेरी चुकलेल्या विद्यार्थ्याला किंवा रुग्णाला ते तसे वाटत नाही.

अशा सेवांची व्यवस्था नव्याने आखताना भाडे किती, फेऱ्या किती, बोट केवढी, याचा विचार होतो, आणि तो व्हावयासच हवा. हेब्रिडीजच्या अनुभवावरून त्यात आणखी एका प्रश्नाची भर घालावी लागेल : जो आज सुकाणू धरून आहे त्यास तीस वर्षांनंतरचे वचन कोण देणार, आणि देणारा बदलल्यास ते कोणावर बंधनकारक राहणार? या प्रश्नाचे उत्तर कंत्राटाच्या मसुद्यातच लिहून ठेवले, तर ते कागदावर राहते. लिहिले नाही, तर ते एखाद्या शुक्रवारी बंदरावर, भरलेल्या गाड्यांच्या रांगेसमोर विचारले जाते. आणि त्या वेळी ते विचारणारा व रांगेत उभा असलेला, दोघेही बहुधा एकाच गावचे असतात.